त्या दिवशी मी तिथे होतो

धसईच्या बाजारात मी एका माणसाचे दोन दात पाडले, तिथून हे सगळं सुरू झालं.

लढाई संपून, पलटणीतून सुटून मला घरी येऊन सात-आठ महिने झाले होते. भात झोडून झालं होतं. बाजाराच्या दिवशी धसईत आसपासच्या गावांतला माणूस गोळा व्हायचा. माझा तांदूळ विकून झाला होता आणि मिठाच्या दुकानापुढे उभा राहून मी चार ओळखीच्यांना इटलीतली गोष्ट सांगत होतो. ती गोष्ट तोवर माझ्या तोंडात चांगली बसली होती. एका दगडी घरातून मशिनगन चालत होती, आमची माणसं पडत होती, मी एकटा चरातून सरपटत गेलो, आत बाँब टाकले आणि गन बंद पाडली. आमचा गोरा साहेब म्हणाला होता, तुझं नाव मेडलसाठी पाठवतो. मेडल अजून आलं नव्हतं. येणार याबद्दल मला शंका नव्हती.

ऐकणाऱ्यांत टोकावड्याकडचा एक जण होता. तो आमच्याच पलटणीत होता, पण बंदूक घेऊन नाही. हापिसात कागद इकडून तिकडे नेण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो मध्येच हसला.

"काय सांगतो रे यांना? त्या टायमाला तू हॉस्पिटलात होतास. मी सोता कागद बगितलाय. हिवताप. पोरं तिकडं मरत होती न् हा दूध पीत होता."

लोक हसले. मला त्यांचं हसणं आठवतं, पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. दुकानदाराच्या तराजूजवळ लोखंडी वजन होतं. ते माझ्या मुठीत आलं. पहिल्या फटक्याला त्याचा वरचा ओठ फाटला, दुसऱ्याला दात पडले. तो मिठाच्या गोणीवर कोसळला आणि पांढऱ्या मिठात रक्त पसरलं. मी थांबलो नाही. त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मी मारत राहिलो. राग केव्हाच गेला होता. हाताला काम सापडलं होतं आणि तो ते करत होता. पाच माणसांनी मला ओढून बाजूला केलं तेव्हा तो माणूस तोंडाने बुडबुडे काढत होता.

त्या दिवसांत मी असाच झालो होतो. नांगरताना बैलानं जू टाकलं म्हणून मी त्याला पराणीनं इतका टोचला होता की त्याच्या पुठ्ठ्यावरचं कातडं सोललं. मी गोठ्यात शिरलो की तो मागे सरकायचा. बायको मला भाकर वाढायची ती हात लांब करून.

मला मुरबाडला पोलीस चौकीत नेलं. फौजदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तू खरंच मेडलवाला शिपाई असशील तर मी वर शब्द टाकतो. कागद दाखव." बायको दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यात माझे कागद घेऊन आली. फौजदारानं शीटरोलची नक्कल उलगडली. शीटरोल म्हणजे शिपायाच्या नोकरीचा सगळा जमाखर्च, कुठे भरती झाला, कुठे लढला, कधी आजारी पडला. इंग्रजीतला तो कागद मला कधी कुणी वाचून दाखवला नव्हता. फौजदारानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. त्या आठवड्यात तू इस्पितळात. मलेरिया."

"खोटं हाय."

"बक्षीस, मेडल, शिफारस, कशाचीच नोंद नाही."

"मी तिथं होतो, साहेब. माझ्या अंगावर त्यांचं रक्त होतं."

फौजदारानं कागदाची घडी केली. "मग हे दुरुस्त करून आण," तो म्हणाला. "तोवर तू बाजारात मारामारी करणारा एक माणूस आहेस."

मार खाल्लेल्याच्या घरच्यांनी पंचांसमोर तडजोड केली आणि मी सुटलो. पण घरी येताना डोक्यात एकच होतं. ती ओळ खोडायची.

आमच्या गावाला एक मास्तर होते. मी त्यांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलो. त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं आणि गावातले सगळे सरकारी अर्ज तेच लिहायचे. मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. ते म्हणाले, "सगळं सांग, काही गाळू नकोस."

मी सांगितलं ते असं.

आम्ही नदी ओलांडून एका गावाच्या कडेला पोचलो होतो. सकाळ होती, धुकं विरत होतं. पुढे ऑलिव्हची झाडं होती आणि झाडांपलीकडे शेतकऱ्याचं दगडी घर. आम्ही झाडांत शिरलो आणि घराच्या खालच्या खिडकीतून गन सुरू झाली. आमचा नाईक माझ्या शेजारी होता. त्याच्या गळ्यात गोळी शिरली. तो बोलायला गेला आणि शब्दाऐवजी रक्त बाहेर आलं. माझा मावसभाऊ चार पावलं पुढे होता. आम्ही दोघं एकाच दिवशी कल्याणला जाऊन भरती झालो होतो. त्याच्या पोटात तीन-चार गोळ्या लागल्या. तो लगेच मेला असता तर बरं होतं. तो उताणा पडून दोन्ही हातांनी आपली आतडी आत ढकलत होता आणि माझं नाव घेऊन पाणी मागत होता. आमच्या मधे उघडी जमीन होती. एक जण त्याच्याकडे धावला, त्याच्या डोक्याचा वरचा भाग उडाला. अर्धा तास मावसभाऊ ओरडत होता. शेवटी शेवटी तो आईला हाक मारत होता. मग आवाज बंद झाला.

आवाज बंद झाल्यावर मी उठलो. डाव्या हाताला पाण्याचा चर होता. त्यात एक मेलेलं खेचर पडलं होतं, फुगलेलं. त्याच्यावरून सरपटत मी घराच्या भिंतीपर्यंत गेलो. माझ्या मागून आमचा ब्रेनगनवाला येत होता. तो खर्डीकडच्या जंगलातल्या पाड्यावरचा. खिडकीवर तो गोळ्या मारत राहिला म्हणून मी पोचलो. मी खिडकीतून एकामागून एक दोन बाँब आत टाकले. धूर निघाला, आतून किंचाळ्या आल्या. मी दारातून आत घुसलो. एक जण जमिनीवर होता, त्याचा पाय मांडीपासून लोंबत होता. दुसरा अजून गनच्या मागे होता आणि ती माझ्याकडे वळवत होता. मी त्याच्या बरगडीत संगीन घातली. ती अडकली, निघेना. तो दोन्ही हातांनी माझी बंदूक धरून माझ्याकडे बघत होता. मी घोडा ओढला आणि गोळीच्या धक्क्यानं संगीन सुटली. जमिनीवरच्याला मी तसाच संपवला. गन बंद झाली.

मास्तरांना मी इथपर्यंत सांगितलं. त्यांनी दौत पुढे ओढली आणि अर्ज लिहिला.

अडीच महिन्यांनी रेकॉर्ड हापिसाचं उत्तर आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. त्या वेळचा अधिकारी लढाईत मेला आहे. नोंद बदलायची असेल तर त्याच प्लाटूनमधल्या, त्या जागी हजर असलेल्या जवानाचा सहीचा जबाब पाठवावा.

त्या घरापर्यंत आलेला असा जिवंत माणूस एकच होता, ब्रेनगनवाला.

मी चालत निघालो. धसईहून सरळगाव, तिथून किन्हवली, शई नदी उतरून शहापूर, मग आटगाव. एक मुक्काम वाटेत केला. दुसऱ्या दिवशी दुपारी खर्डीच्या पलीकडे रान सुरू झालं तशी कोळशाच्या भट्ट्यांचा वास येऊ लागला. विचारत विचारत मी त्याच्या भट्टीपाशी पोचलो. तो मातीनं लिंपलेल्या ढिगावर चढून भोकं बुजवत होता. मला बघून खाली उतरला. डावीकडचा जबडा आत बसलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलताना शब्दांच्या कडा झिजून बाहेर पडत.

"आलास," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, एक दिस येशील."

त्याच्या शीटरोलवर लिहिलं होतं की त्याचा जबडा दुश्मनाच्या छर्ऱ्यानं मोडला. ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. मास्तरांना मी जे सांगितलं नव्हतं ते आता सांगतो.

गन बंद झाल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. तिथे दारूची लाकडी पिंपं होती. पिंपांमागून दोन माणसं बाहेर आली. दोघांचे हात वर. पुढचा वयानं मोठा होता, दाढीचे खुंट पांढरे. मागचा वीस-बावीसचा असेल, त्याच्या एका पायात बूट नव्हता. मोठा म्हणाला, "कामराद." जर्मनांत शरण येताना हा शब्द म्हणतात, हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला शिकवलं होतं. माझ्यामागे ब्रेनगनवाला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांब रे, हात वर हायेत."

मी मोठ्याच्या पोटात संगीन घातली. नेमकी पोटात, मावसभावाला लागलं तिथेच. तो खाली बसला. धाकटा गुडघ्यांवर पडला आणि हात तसेच वर ठेवून रडू लागला. ब्रेनगनवाल्यानं माझा दंड धरला. "बास कर. बास कर रे." मी वळलो आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. तो पडला. मग मी त्या धाकट्याकडे गेलो. त्याला मारायला एकाहून जास्त वार लागले, कारण त्यानं हात खाली आणून पातं धरलं. त्याची बोटं तुटली. हे सगळं मी डोळ्यांनी स्वच्छ पाहिलं आहे. मला काही दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

साहेब आला तेव्हा चार मुडदे होते. मी म्हणालो, चौघंही लढत होते आणि ब्रेनगनवाल्याला छर्रा लागला. त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली, खिशातून कागद काढला आणि भिंतीला लावून लिहू लागला. माझं नाव त्यानं दोनदा विचारून घेतलं.

भट्टीपाशी बसून मी ब्रेनगनवाल्याला रेकॉर्ड हापिसाचं पत्र दाखवलं. काय हवं आहे ते सांगितलं. त्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून गेली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुजं नाव गेलं होतं मेडलाला. मंग परत आलं. तुला माहीत नाय?"

"परत कसं येईल?"

"मी सांगितलं साहेबाला."

मला आधी हसू आलं. "तुझ्या तोंडाला पट्ट्या होत्या. तू बोलत कसा होतास?"

त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. दोन्ही हात डोक्यावर नेले, पंजे उघडे, आणि तसाच बसून राहिला. मग हात खाली आणले, मुठी एकापुढे एक धरल्या आणि जोरात पुढे खुपसल्या. एकदा. मग पुन्हा, दोनदा, तीनदा. शेवटी माझ्याकडे बोट केलं.

"असं सांगितलं," तो म्हणाला. "साहेब माझ्या खाटंपाशी आला होता, कसा हायस विचारायला. मी असं केलं. तो बगत राहिला. म्हनला, फिर करो. मी फिरून केलं. मंग त्यानं खिशातला कागद काढला न् फाडला. हवालदाराला बोलावलं. म्हनला, वो आदमी उस दिन वहाँ था ही नहीं. हॉस्पिटल में था. समझा? लिखो."

मी हातातल्या पत्राची घडी केली.

"त्यानं तुला वाचवलं रे. कोर्टमार्शल झालं असतं. तिसऱ्या दिसाला तो बी मेला. मंग कोन सांगनार?"

म्हणजे कारकुनाची चूक नव्हतीच. ज्या ओळीसाठी मी माणसाचं तोंड फोडलं, ती साहेबानं विचार करून लिहिली होती. आणि ती लिहायला लावणारा हा समोर बसला होता, ज्याच्याकडे मी दोन दिवस चालत आलो होतो.

मी त्याचा गळा धरला. तो मागे कोलमडला आणि आम्ही दोघं भट्टीच्या उतारावर आदळलो. ती माती आतून पेटलेली असते. त्याच्या पाठीखालचा सदरा करपल्याचा वास मला आला, त्याच्या कातड्याचाही आला, आणि तरी मी दाबत होतो. त्यानं हात उचलला नाही. तो माझ्याकडे बघत होता, त्या वाकड्या तोंडानं श्वास ओढत होता. तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यात काहीतरी घुसलं. त्याची बायको लाकडं ओढायची आकडी घेऊन मागे उभी होती. तिनं ती उपसली आणि पुन्हा उगारली.

"सोड!" ती ओरडली. "सोड, नाय तं डोक्यात घालीन!"

माझा हात लुळा पडला होता. मी सुटलो आणि बाजूला पडलो. रक्त कोपरापर्यंत आलं. ती आकडी खाली करेना.

"राहू दे गो," तो खोकत म्हणाला. "हळद आन. दोघांना आन."

तिनं त्याच्या पाठीला आणि माझ्या खांद्याला हळद भरली. माझ्या जखमेत ती बोट दाबून भरत होती, दुखावं म्हणूनच. मी ओरडलो नाही. ती झोपडीत गेल्यावर आम्ही दोघं पळसाच्या सावलीत बसलो.

"मी लिवून देतो," तो म्हणाला. "तू चरातून गेलास ते खरं हाय. तू नसता गेलास तं आमी सगळं त्या झाडांत मेलो असतो. ते लिवतो. पन मंग पुढचं बी लिवतो. एक लिवायचं न् एक नाय, तसं माझ्याच्यानं व्हायचं नाय."

"मग मला फाशी देतील."

"देतील नाय तं नाय देतील. तू आलास लिवून घ्यायला. मी बोलवला नव्हता."

"आणि तुझा जबडा?"

त्यानं जबड्यावरून हात फिरवला. "ते नको लिवू. शीटरोलवर छर्रा हाय, तो राहू दे. त्यावर मला पेन्शन येतं." मग तो हसला, घशातून घरघर काढत. "आन् ते तुजं-माजं हाय. त्यात सरकार कशाला?"

त्यानं लाकूड डेपोतून आणलेल्या कागदांवर पेन्सिलीनं लिहिलं. अक्षर मोठं, शाळकरी. पहिल्या पानावर चर, खेचर, दोन बाँब, गन. दुसऱ्या पानावर ती दोन माणसं. सही दुसऱ्या पानाच्या तळाशी. पहिलं पान एकटं पाठवता येऊ नये म्हणून त्यानं असं केलं होतं का, हे मी त्याला पुढेही कधी विचारलं नाही.

परत येताना किन्हवलीजवळ शईच्या काठी मी दुपारभर बसून राहिलो. पाणी थोडंच होतं, खडकांमधून वाहत होतं. दुसरं पान मी काढून हातात धरलं. सोडून दिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. सही नसती, पण सही कुणाच्याही हातची करता येते. सोडून का दिलं नाही, याचं चांगलं कारण माझ्याकडे नाही. हात वर करून बसलेला तो ब्रेनगनवाला डोळ्यांपुढे यायचा, आणि त्याच्याजागी तो एका पायात बूट नसलेला. पान परत खिशात घातलं. पुढच्या ओढ्यापाशी पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

घरी आलो तेव्हा बायको खळ्याच्या कडेला शेणानं सारवत होती. खांद्याचं तिनं विचारलं. मी म्हणालो, बस, तुला वाचून दाखवतो. दोन्ही पानं वाचली. ती सारवायचं थांबली नाही. पण दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचा हात जागच्या जागीच फिरत राहिला.

"हात वर केलं होतं त्यांनी?"

"हो."

"तरी तुमी मारलं?"

"हो."

ती उठली, हात धुतले. "बैल तुमाला बगून मागं सरतो," ती म्हणाली. "मी बी सरते. मला वाटायचं, माजंच काय चुकतं." एवढं बोलून ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या खांद्याची पट्टी बदलली, आणि बदलताना विचारलं, "तो धाकला, त्याचं लगीन झालं होतं काय?" मला माहीत नव्हतं.

मास्तरांना मी दोन्ही पानं दिली. त्यांनी वाचली. चष्मा काढून ठेवला.

"हे सगळं पाठवायचं?"

"सगळं."

"नीट विचार केलास?"

"तुमीच म्हनला होता, काही गाळू नको."

त्यांनी इंग्रजीत लिहून काढायला चार दिवस घेतले. मी सही केली. मुरबाडच्या पोस्टात जाऊन मास्तरांनीच पाकीट टाकलं.

मग मी वाट बघू लागलो, ती मेडलाची नव्हती. रस्त्यावर खाकी दिसली की मी हातातलं काम ठेवायचो. एक जादा सदरा धुवून ठेवला होता, न्यायला आले तर असावा म्हणून. पावसाळा आला, भाताचं आवण लावून झालं. देश स्वतंत्र झाला, मुरबाडला झेंडा लागला, शाळेत साखर वाटली. मला न्यायला कुणी आलं नाही.

थंडीच्या तोंडाला टपालवाल्यानं एक पाकीट आणि पुठ्ठ्याची लहान पेटी आणून दिली. पत्रात लिहिलं होतं की इस्पितळाची नोंद रद्द केली आहे, जवान त्या दिवशी आपल्या प्लाटूनबरोबर हजर होता असं मानण्यात येत आहे. शौर्याच्या शिफारशीचा कोणताही कागद सापडत नाही, सबब त्याबाबत काही करता येत नाही. पेटीत सगळ्याच शिपायांना मिळतात ती दोन मेडलं होती. एक पितळी रंगाचं, चांदणीसारखं. त्या दोन माणसांबद्दल पत्रात एक शब्द नव्हता.

मी मास्तरांना म्हटलं, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं.

"ते दोघं?"

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं. "मी ते लिहिलंच नाही," ते म्हणाले. "पहिल्या पानाचं भाषांतर केलं आणि खाली त्याचं नाव घातलं. दुसरं पान माझ्याकडेच आहे. मी तुला अक्षरं शिकवली ती काय तुझा फास लिहायला?"

माझी मूठ त्यांच्या सदऱ्याच्या गळ्याशी गेली होती. ते म्हातारे होते, हलके होते, बसल्या जागेवरून जवळजवळ उचलले गेले. त्यांच्या मानेची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. ते घाबरले होते आणि तरी नजर वळवत नव्हते. मी हात काढला. किती वेळानं काढला ते सांगता येत नाही. त्यांची दोन बटणं तुटून पडवीत घरंगळली, ती मी गुडघ्यांवर बसून शोधून दिली.

"माझं दुसरं पान द्या," मी म्हणालो.

त्यांनी दिलं. मी घरी येऊन माझ्या हातानं, मराठीत, जसं होतं तसं उतरवलं. ब्रेनगनवाल्याचा जबडा तेवढा त्यात नव्हता. खाली लिहिलं की हे मी केलं आणि मी त्या दिवशी इस्पितळात नव्हतो. मुरबाडला जाऊन रजिस्टर करून पाठवलं. पोच आली, शिक्क्यासह. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी मी आणखी एक पाठवलं. त्याचीही पोच आली.

पुढच्या वर्षीच्या पौषात ब्रेनगनवाला म्हशाच्या जत्रेला बैल घ्यायला आला आणि आमच्याकडे उतरला. त्याला चावता येत नाही, म्हणून बायकोनं भात पेजेत कुस्करून दिला. ती त्याच्यासमोर बसून राहिली, तो जेवेपर्यंत. त्यानं पेटी उघडून मेडलं पाहिली, दातांनी चावून बघायचा आव आणला, आणि परत ठेवली.

"दुसऱ्या पानाचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं, मास्तरांच्या गळ्याचंही.

"मारला नाय ना त्यांना?"

"नाय."

"बरं केलंस." त्यानं ताटली चाटून पुसून स्वच्छ केली. "उत्तर येल का रे?"

"नाय येणार."

"गोरं सायबं तं सगळं गेलं," तो म्हणाला. "कुनाला इचारशील आता?"

बायको ताटली उचलून नेताना म्हणाली, जत्रेत बैलांचे भाव चढतात दुपारनंतर, जायचं तर आता निघा. मग आम्ही दोघं उठलो.